कापली गेली

कोरगाव, १४ नोव्हेंबर २०२४

श्रीनाथ,

'प्रिय' लिहिलेलं नाही ते मुद्दाम. घाईत राहून गेलं असं समजू नकोस.

पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर तू "गिऱ्हाईक आसा, मागीर बोलतंय" म्हणून कापतोस. चार दिवसांत सहा वेळा कापलास. पत्र कापायचं तर आधी उघडावं लागतं. पोस्टमन जयराम पाकिटावरचा पत्ता वाचून हसत सुटला. "बाय, धारगळाक पत्र? बारा किलोमीटर! मी जाता-जाता हाक मारून सांगतंय मगो." मी म्हटलं, तू हाक मारून सांगावंस असं यात काही नाही, माझ्या भावाने एकट्याने बसून वाचावं असं पुष्कळ आहे.

विषय गौरेशच्या कोटाचा.

आठव जरा. ऑक्टोबरात आपल्या गावची संजना त्याला घेऊन माझ्याकडे आली. लाटंबार्सेचा मुलगा, शाळेत संगीत शिकवतो, जन्मापासून दिसत नाही. आठ डिसेंबरला दोघांचं लग्न. स्वागत समारंभासाठी कोट हवा होता. माझ्याकडे अस्तर आणि दोरे यांपलीकडे कापड नाही, म्हणून मी त्यांना तुझ्या शोरूममध्ये आणलं. तीन वर्षांपूर्वी बाबांच्या दुकानाची पाटी उचलून तू हमरस्त्यावर नेलीस, त्यानंतर मी तुझ्या दारात पाऊल ठेवलं ते या मुलासाठी. तेवढं सोडलं तर आपण गाठोड्यांतून बोलतो. तू कापून पाठवतोस, मी शिवून परत पाठवते.

तू काय काढलंस त्याच्यासमोर? चकचकीत पॉलिस्टर. एकावर एक सात रंग. "फोटोत बरां चमाकता," म्हणालास. गौरेशने दोन बोटांनी कड धरली आणि म्हणाला, "हां तर गाडयेच्या सीटासारखां लागता." तुझ्या हाताखालचा विशाल हसला. तू हसला नाहीस. तू संजनाकडे वळून तिलाच रंग दाखवायला लागलास, जणू तो मुलगा तिने बरोबर आणलेली पिशवी होता. तिने तुला सरळ सांगितलं, "फोटो मी बघतलंय. कोट तो घालतलो. ताका विचारा."

मग त्याने जे केलं ते बघून मला बाबा आठवले. प्रत्येक कापड त्याने मुठीत चुरगळलं आणि सोडलं. मनगटाच्या आतल्या बाजूवर घासलं. मानेला लावलं. लिनन आवडलं, पण म्हणाला हे फार बोलतं, हललो की आवाज करतं. टसरचा खरबरीतपणा त्याला पसंत होता, फक्त मानेला टोचत होता. लोकरी फ्लॅनेल हातात घेऊन पुष्कळ वेळ उभा राहिला आणि शेवटी हसून म्हणाला, मंडपात मी वितळेन. आणि सगळ्यात खालच्या फळीवरून, जिथे तू खपत नसलेला माल कोंबतोस, त्याने बारीक धारांचं सुती कॉर्डरॉय ओढून काढलं. काळपट हिरवं. रंग त्याने विचारलासुद्धा नाही. तोंडावर धरून श्वास घेतला आणि म्हणाला, "ह्यातसून वारो येता." बाबा नेमकं हेच करायचे. आपल्या हवेत कोटाचं कापड निवडायचं तर नाकातोंडावर धरून बघा, गुदमरलात तर परत ठेवा. चाळीस वर्षं कातर चालवलेल्या माणसाचं शहाणपण त्या मुलाने पाच मिनिटांत आपल्या बोटांनी शोधलं आणि तू घड्याळ बघत होतास.

दहा तारखेला माझ्याकडे ट्रायल झाली. त्याने कोट घातला, दोन्ही तळवे छातीवरून खाली फिरवले आणि थांबला. पुन्हा फिरवले. म्हणाला, "बाय, ही बाजू हात खाली नेता. ही हाताक आडयता."

मी कोट अंगणात उन्हात नेला. डावी बाजू फिकी, उजवी काळोखी. कॉर्डरॉयला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. ती एका दिशेला बसलेली असते, म्हणून सगळे भाग एकाच दिशेने कापायचे असतात. उजवी पुढची बाजू उलटी कापली गेली होती.

मी तिथेच तुला फोन लावला, स्पीकरवर. कोणती बाजू, कशी उलटी, तू काही विचारलं नाहीस. तू म्हणालास, "ताका दिसता खंय? तूं गप शिवन दी गो."

गौरेश समोर उभा होता. एका बाहीत हात घातलेला, दुसरी लोंबती. त्याने कोट काढून, घडी घालून, माझ्या टेबलावर ठेवला आणि संजनाचा खांदा धरून बाहेर गेला.

श्रीनाथ, त्या ताग्यात कापड उरलंय, मी स्वतः पाहिलंय. त्यातलं मीटरभर या आठवड्यात पाठव. आणि त्या मुलाची माफी माग. या दोन गोष्टी झाल्याशिवाय तुझं एकही गाठोडं मी सोडणार नाही.

विनोदिनी


कोरगाव, २० नोव्हेंबर

श्रीनाथ,

माझंच पत्र मला परत पाठवलंस. चार पानांत तुला उत्तर देण्यासारखं काही सापडलं नाही. निळ्या चॉकने दोन शब्द अधोरेखित केलेस, 'कापली गेली', आणि समासात लिहिलंस: 'कोणी?'

वा! म्हणजे माझी भाषणं तू ऐकतोस तर.

ठाऊक आहे मला कुठली सभा तुला आठवली. डोंगरकापणीची. कंपनीचा तो माणूस अहवाल वाचत होता, 'माती काढली गेली, झाडं हलवली गेली, झरा बुजवला गेला'. मी उठून म्हटलं होतं, "गेली-गेला म्हणजे काय? झाड आपल्या पायांनी गेलं? ज्याने कापलं त्याचं नाव लिही, मग पुढे वाच." अर्धी सभा उभी राहिली होती. तू मागे, दाराशी उभा होतास. टाळ्या वाजवल्या होत्यास का, ते मला दिसलं नव्हतं.

पण ती गोष्ट वेगळी आणि ही वेगळी. शब्दांत पकडू नकोस मला. तुझ्या तोंडून जे निघालं ते कोणत्या व्याकरणात बसतं? 'ताका दिसता खंय'! हे वाक्य बोलणाऱ्याचं नाव त्याच्या कपाळावर लिहिलेलं असतं. तू सबंध धंदाच या एका वाक्यावर चालवतोस. गिऱ्हाइकाला आतलं दिसत नाही, म्हणून छातीच्या आत शिवायच्या कॅनव्हासच्या जागी कडक पेस्टिंग चिकटवायचं, तीन धुण्यांत फोड आल्यासारखं फुगतं. दिसत नाही, म्हणून सुती अस्तराच्या जागी नायलॉन. नवरामुलगा मंडपात घामाने निथळतो, पाहुण्यांना वाटतं लग्नाला घाबरलाय. डोळ्यांना चमक देऊन अंगाला फसवणं, यालाच तू फॅशन म्हणतोस. मऊ कापड हा लाड आहे असं तुला वाटतं. तो हक्क आहे! दिवसाचे आठ तास जे अंगाला चिकटून राहणार ते अंगाला विचारून घेतलं पाहिजे.

हे सगळं मी रविवारी महिला मंडळात बोलले. हो, तुझं नाव घेऊन. चाळीस बायका होत्या. मी सांगितलं, एक मुलगा, त्याला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच त्याच्या लग्नाच्या कोटाची बाजू उलटी शिवली जाते, आणि वर त्याच्या तोंडावर असं म्हटलं जातं. मागून कोणीतरी हुंदका दिला.

काल तुझी प्रभावती आली होती. ओसरीवर टेकली, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, दोन लग्नघरांनी तुमच्याकडून कपडे काढून घेतले. मी म्हटलं, घेतीलच. ती म्हणाली, "तायनू, ह्यांनी एक निरोप सांगलेलो हा. म्हणतत, बाण बघ म्हणान सांग." आणि गेली.

बाण बघ! मला शिकवतोस बाण! लवेच्या कापडाचा प्रत्येक भाग कापला की उलट्या बाजूवर चॉकचा बाण काढायचा, लव जिकडे उतरते तिकडे टोक. ही बाबांची शिस्त मी तुझ्या आधी दोन वर्षं शिकले. तू तेव्हा काजं करायला बसायचास आणि बोट टोचलं म्हणून रडायचास.

बाण बघायची मला गरज नाही.

कापड अजून आलेलं नाही. अठरा दिवस उरले आहेत.

विनोदिनी


कोरगाव, २७ नोव्हेंबर

श्रीनाथ,

बाण बघायची मला गरज नव्हती, कारण मला माहीत होतं.

बाही, पाठ, कॉलर, खिशाची झाकणं, डावी बाजू: सगळ्यांवर तुझा निळा बाण आहे. उजव्या पुढच्या बाजूवर नाही. कारण ती बाजू तू कापलेली नाहीस.

आता नीट लिहिते, कर्त्यासकट.

सात तारखेला मी इस्त्री करत होते. कॉर्डरॉयवर इस्त्री कशी करायची ते मी बाबांकडून शिकले आहे आणि चार जणींना शिकवलंही आहे: उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल, वाफ द्यायची, दाबायचं नाही. पण त्या दिवशी माझं चित्त इस्त्रीत नव्हतं. वाचनालयाच्या कार्यक्रमात बोलायचं होतं आणि मी तोंडाने भाषण घोकत होते. विषय सांगू? श्रमाची प्रतिष्ठा. एक वाक्य मनासारखं जमलं, ते मोठ्याने म्हणून बघायला मी मान वर केली आणि हातातली इस्त्री सुलट्या बाजूवर टेकवून उभी राहिले. खाली बघितलं तर उजव्या बाजूवर, बरोबर छातीवर, इस्त्रीच्या आकाराचा तेलकट डाग. लव मेली होती. वाफ दिली, ब्रश फिरवला, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. उठली नाही.

तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. तुझ्याकडे कापड होतं. पण तुला काय सांगायचं? की बाबा जिच्या हाताची खात्री द्यायचे, तिने पहिल्या दिवशीच्या शिकाऊ मुलीची चूक केली? तू काही बोलला नसतास. विशालला हाक मारून "तायक मीटरभर काप दी" एवढंच म्हणाला असतास, आणि ते मला सहन झालं नसतं.

गाठोड्यात तू उरलेला तुकडा पाठवला होतास, कातरण गिऱ्हाइकाला परत द्यायची म्हणून. तो वर रुंद, खाली निमुळता. कोटाची पुढची बाजू खाली रुंद आणि वर, खांद्याला, निमुळती. सरळ ठेवून बसेना. उलटा फिरवला, बसला. मी कातर हातात घेतली आणि मनात काय आलं ते शब्दाला शब्द लिहिते: दिसणार कोणाला?

मी कापली. मी, विनोदिनी शांताराम, उजवी बाजू उलटी कापली, आणि बाण काढला नाही.

तू फोनवर ते वाक्य बोललास तेव्हा माझा जो संताप झाला, तो एवढा का झाला हे मला आता कळतं. मी कातरीने जे गुपचूप म्हटलं होतं ते तू स्पीकरवर मोठ्याने म्हणालास. मला वाटलं, बरं झालं, सापडला हा. पुढचे कितीतरी दिवस मी खरोखर विसरून गेले होते की कातर माझ्या हातात होती. भाषण करता-करता माणूस स्वतःलाही पटवतो, श्रीनाथ. आणि मी चांगलं बोलते.

काल बसने लाटंबार्सेला गेले. गौरेश ओसरीवर हार्मोनियमचे सूर साफ करत बसला होता, पट्ट्या काढून ओळीने मांडलेल्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. इस्त्री, तुकडा, मनात काय आलं ते, सगळं. डागाची बाजू बरोबर नेली होती, ती हातात दिली. त्याने अंगठा फिरवला, गुळगुळीत जागा सापडली. "भाजलां," म्हणाला, एवढंच. मग विचारलं, "आनी महिला मंडळात काय सांगलां तुवां?"

त्याच्यापर्यंत पोचलं होतं. संजनाची आत्या होती सभेत.

मी म्हटलं, तुझ्यावर अन्याय झाला म्हणून बोलले.

तेव्हा तो चिडला. इतका वेळ चिडला नव्हता. म्हणाला, "बाय, माका दिसना, म्हणान कोट उलटो झालो. झालो तर झालो. पण माका तोंड नाय काय गो? तूं कोणाक विचारून माझ्या नावान बोललंय? थंय बायलो रडल्यो म्हणतत. माझ्या लग्नाक आता त्यो माका बघून रडतल्यो!"

मी डागाची बाजू उचलून घडी घातली.

कोट हवा का, असं विचारलं. म्हणाला, कापड मी निवडलेलं आहे, मला तेच हवं, नीट शिवून हवं. नसेल जमत तर सदरा घालून उभा राहीन, पण चमकणारं काही अंगावर चढवणार नाही.

कापड पाठव, श्रीनाथ. हे मी मागते आहे. मागच्या दोन पत्रांत मी हुकूम सोडत होते.

विनोदिनी


कोरगाव, ३ डिसेंबर

श्रीनाथ,

कापड शनिवारी मिळालं. जयराम म्हणाला, "शोरूमवाल्यान दिलां, बोलूक काय नाय." मीटरभर मागितलं होतं, तू बाजू कापूनच पाठवलीस. आत चिठ्ठी नाही, निरोप नाही. मागे निळा बाण, जरा जास्तच मोठा. कळला मला.

शिवून झाला कोट. जुनी बाजू उसवली, नवी लावली. आत कडक काही घातलं नाही, छातीला हलका कॅनव्हास, तोही हाताने टाचलेला; अस्तर सुती, धुऊन मऊ केलेलं. मानेच्या पट्टीखाली शिवण दुमडून आत घेतली, म्हणजे कुठे काही टोचणार नाही. डोळे मिटून दहा वेळा हात फिरवून बघितला. दोन्ही बाजू खाली उतरतात.

रविवारी महिला मंडळात पुन्हा उभी राहिले. मंचावर गेले नाही, खुर्चीजवळून बोलले. पाच वाक्यं. बाजू मी कापली. भावाने कापली नव्हती. त्या मुलाला न विचारता मी त्याची गोष्ट सांगितली. ज्यांनी कपडे काढून घेतले त्यांनी ते माझ्या खोट्यावर काढून घेतले. त्याच्या लग्नात कोणी डोळे पुसू नयेत. मग मनीषाने मागून विचारलं, "बाय, ह्या भाषणाक टाळयो वाजवच्यो काय नाय?" सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण तोंड वळलं नाही. एका लग्नघराची बाई म्हणाली की त्यांनी आता म्हापशात दिलं, परत आणणं शक्य नाही. तुझं ते नुकसान मी केलं. भरून येणारं नाही, म्हणून गोड बोलत नाही.

आता तुझं.

तुला वाटेल, हिने कबूल केलं, संपलं. संपलेलं नाही. माझ्या कातरीने तुझं वाक्य धुऊन निघत नाही. बाजू मी कापली हे जितकं खरं, तितकंच 'ताका दिसता खंय' तू बोललास हे खरं. माझ्या चुकीची सावली धरून तू आत बसशील तर मी तुला बसू देणार नाही. 'बोललं गेलं' असं म्हणायची वाट मी स्वतः बंद केली आहे, दोघांसाठी. आणि अजूनही मला आग लागते, की हमरस्त्यावरच्या त्या काचेच्या खोलीत सगळ्यात चांगलं कापड सगळ्यात खालच्या फळीवर धूळ खात होतं, आणि ते शोधायला ज्याला दिसत नाही असा माणूस यावा लागला.

यावर माझ्याकडे तासभराचं भाषण तयार आहे. ते मी करणार नाही.

काल गौरेशचा फोन आला होता. कोट तयार आहे म्हटल्यावर म्हणाला, शेवटची ट्रायल धारगळाला घेऊया, कापड जिथे निवडलं तिथे. मी म्हटलं, मी येते बरोबर, श्रीनाथला मी दोन शब्द... त्याने पुढे बोलू दिलं नाही. "तूं नाका येव. माझे शब्द माझ्याकडे आसत."

कोट संजना आज घेऊन गेली. गुरुवारी अकरा वाजता दोघं तुझ्या दारात येतील. गिऱ्हाईक आहे म्हणून आत पळू नकोस, विशालला पुढे करू नकोस, संजनाशी बोलू नकोस. त्याच्याकडे तोंड करून उभा राहा.

तो काय बोलणार आहे ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

विनोदिनी